हेल्मेट आणलं मीच

तमिळ मुलखात आवडी नावाच्या गावी आमच्या क्वार्टर्समागे फॅक्टरीचं मैदान होतं. रविवारी तिथे मॅच असायची आणि आमचे हे अगदी बाऊंड्रीजवळ, कडुनिंबाच्या सावलीत फील्डिंगला उभे राहायचे. जोरात आलेल्या चेंडूला बाजूला होऊन वाट द्यायचे. लोक हसायचे. मला मात्र ह्यांचा भित्रेपणा फार बरा वाटायचा. नवीन लग्न, माहेर साताऱ्याला, इथली भाषा कळेना. ह्यांना काही झालं तर मी हाक कुणाला मारणार?

एका रविवारी ह्यांच्या मित्राच्या गालावर चेंडू बसला, टाके पडले. मी इतकी घाबरले, की ह्यांना ओढत एग्मोरच्या बाजारात नेलं आणि जाळीचं हेल्मेट घ्यायला लावलं.

"बाऊंड्रीवर हेल्मेट? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत!"

पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती. टीममध्ये हेल्मेट एवढं एकच. कॅप्टनने ते पाहिलं आणि ह्यांना थेट बॅटच्या पुढ्यात नेऊन उभं केलं. "हेल्मेट इरुक्कु, बयम एन्न?" म्हणजे हेल्मेट आहे, मग भीती कसली!

पहिल्या दिवशी हे प्रत्येक चेंडूला पाठ फिरवत होते, मला क्वार्टर्सच्या भिंतीपासून दिसत होतं. मग चटक लागली. दर रविवारी थोडे आणखी जवळ. घरी येऊन मला सांगायचे, "तिथे उभं राहायला जिगर लागते." जिगर म्हणे! प्रत्येक चेंडूला मी डोळे मिटून घ्यायचे आणि आवाजावरून अंदाज करायचे, बॅटला लागला की ह्यांना.

एकदा आवाज वेगळाच आला. डोळे उघडले तर हे आडवे. चपला टाकून मी मैदानात धावले. जाळी पार डोळ्यापर्यंत वाकली होती. आणि हे उठून हसत होते.

"बघ, काही झालं का?"

"घरी चला. आत्ताच्या आत्ता."

"अगं, हेल्मेट आहे ना!"

ह्यांनी जाळी हातानेच सरळ केली. ऐकणार नव्हते, आणि उघड्या डोक्याने तर मी जाऊ देणार नव्हते. हनुवटीखालचा पट्टा मीच बांधला. हे गेले, आणि मघापेक्षा पाऊलभर पुढे जाऊन उभे राहिले.