पारसशेठची रात्रीची गोळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही, आणि तिला तर माझं पोट दुखायच्या आधी कळतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — छे, हे कारणही खरं नाही. सांगितलं की स्वतःची किळस थोडी कमी होईल, असं वाटलं होतं. होत नाहीये.

मी एरंडोलचा, निवृत्त शिक्षक. हृदयविकाराचा झटका येऊन गेला, जळगावला स्टेंट बसवला. तिथल्या डॉक्टरांची एक पद्धत होती. बरं वाटायला लागलं की माणसं गोळ्या सोडून देतात, म्हणून प्रत्येक नव्या पेशंटला ते त्याच गावचा एक जुना पेशंट जोडून द्यायचे. जोडीदार म्हणायचे त्याला. जोडीदाराने अधूनमधून नव्या पेशंटच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, गोळ्या चालू आहेत ना ते बघायचं आणि काही अडलं तर डॉक्टरांना फोन करायचा. बस, एवढंच काम. मी जुना झालो तेव्हा माझ्या वाट्याला नवे पेशंट म्हणून पारसशेठ आले, त्यांनाही नुकताच स्टेंट बसला होता.

शेठ म्हणजे आमच्या बाजारातले भांड्यांचे व्यापारी. घराणं मूळचं राजस्थानचं, जैन. पण गिऱ्हाइकाशी अहिराणी बोलायचे, आणि खूश झाले की माझ्याशीही. मी बोलायला लागलो की मान तिरकी करून ऐकायचे, वर्गातल्या शहाण्या पोरासारखे. मला ते आवडायचं — कशाला लपवू? — फार आवडायचं. डॉक्टर जळगावला सगळ्या पेशंटांची बैठक घ्यायचे, तिथे मला उभं करायचे, सरांकडून शिका म्हणायचे, आणि मी लाजल्यासारखी मान खाली घालायचो. आज ते आठवलं तरी अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

चातुर्मास लागला आणि शेठनी चौविहाराचा नेम धरला. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही नाही. मग रक्त पातळ ठेवणारी ती रात्रीची गोळी कशी घ्यायची, असं त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायला काय जात होतं माझं? डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणालो. फोन लावलाही एकदा. कंपाउंडरने थांबायला सांगितलं, तेव्हा कंटाळून ठेवून दिला. मग झोप काढली दुपारची. पुढच्या खेपेला शेठनी पुन्हा विचारलं, आणि मी — अगदी सहज, बिस्किट चहात बुडवता बुडवता — म्हणालो, "विचारलं मी डॉक्टरांना. सकाळची तेवढी चुकवू नका. रात्रीची चातुर्मास संपेपर्यंत राहिली तरी चालेल."

शेठचा चेहरा उजळला. "सर, तुम्ही इचारं ना? मंग बठ्ठं बरोबर शे."

कुठून आणलं मी ते? कुठूनही नाही. तोंडात आलं, बोललो.

थांबा. एवढंच असतं तर मी स्वतःला मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं. पुढचं ऐका. नंतरच्या बैठकीत दुसऱ्याच कुणीतरी हाच प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, सूर्य मावळायच्या आत घ्या, पण एकही चुकवू नका, स्टेंट बंद पडेल. शेठ त्या दिवशी आले नव्हते, दुकानात गर्दी होती. मी होतो. मी ऐकलं. परतताना एसटीत बसून ठरवलं, उद्या जाऊन सांगायचं. पण सांगायचं म्हणजे आधी खोटं बोललो ते सांगायचं, नाही का? उद्याचं परवा झालं. त्यानंतर मी शेठकडे दोनदा चहा प्यालो. दोन्ही वेळा तब्येत कशी आहे, असं विचारलं.

पर्युषणात एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना शेठ खाली बसले, ते उठलेच नाहीत.

भेटायला गेलो. धुळ्याला दिलेली मुलगी आली होती, घर माणसांनी भरलेलं. वहिनी, म्हणजे शेठच्या पत्नी, आतून गोळ्यांची पाकिटं घेऊन आल्या. रात्रीची गोळी शेठ स्वतःच घ्यायचे, त्यामुळे वहिनींना काहीच ठाऊक नव्हतं. एवढ्या गोळ्या उरल्या कशा, असं त्यांनी मला विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. मी काय बोललो, सांगू?

"वहिनी, एवढं तरी लक्ष ठेवायचं होतं तुम्ही."

मुलीने आईकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी अजून विसरलेलो नाही.  पुढे वहिनींनी त्यांच्या जैन साधूंकडून, महाराजसाहेबांकडून, प्रायश्चित्त घेतलं, जन्मभरासाठी गोड सोडलं. माझ्या पापासाठी ती बाई गोड खात नाही. आणि मी? सणाला त्यांच्या घरून डबा येतो, तो मी खातो. लाडू असतात त्यात. चवीने खातो, हे अधिक घाण आहे.

यंदा वहिनींनाच झटका आला. डॉक्टरांनी विचारलं, जोडीदार कोण देऊ? वहिनींनी माझं नाव सांगितलं. मी हो म्हणालो.

काल दिवस मावळायच्या आत गेलो. वहिनींनी गोळी तळहातावर घेतली, जरा वेळ तिच्याकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "सर, ह्यांच्याकडे मी असं लक्ष दिलं असतं तर..."

मी पाण्याचा पेला पुढे केला.