छातीएवढं जोतं

दादाला कंपनीत नोकरी लागली आणि मला लागली नाही, तिथून माझ्या घराच्या बांधकामाला सुरुवात झाली असं मी मानतो. पाया खणला तो पुढे चार वर्षांनी, पण जळायला लागलो तो त्या दिवसापासून.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, तीन वर्षांनी थोरला. नागोठण्याजवळ नवी कंपनी आली तेव्हा आम्ही दोघांनी एकाच पेनानं अर्ज भरले होते. त्याला बोलावणं आलं. मी रोह्याजवळच्या शाळेत मास्तर झालो. त्याच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढलं, त्याला न्यायला बस यायला लागली, आणि आई, माझी आई, त्याची नव्हे, ज्याला त्याला सांगत सुटली, "आमच्या पोराला शिफ्ट असते." माझी शाळा अकराला भरायची नि पाचला सुटायची. त्यात काय सांगणार?

आम्ही तेव्हा रोह्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची भिंत. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसायची. घर बांधायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, "मला काय नको. एक ओटी दे. बसल्या जागी येणारं-जाणारं माणूस दिसावं, दोन शब्द बोलावेत." मी शब्द दिला.

वाटणीत आम्हाला गावाबाहेरची वरकस जमीन आली होती. भात न होणारी, उंचावरची. दादाचा नि माझा तुकडा शेजारी शेजारी, मध्ये बांध. त्याचा मागच्या बाजूला ओहोळाकडे उतरत गेलेला, माझा तळहातासारखा सपाट. या एका गोष्टीत मी त्याच्या वरचढ होतो आणि ते मनातल्या मनात रोज घोकत होतो.

आणि नेमकं माझ्याआधी पंधरा दिवस दादानं काम काढलं. पेणहून गवंडी आणला. मी ठरवलं, त्याच्या जागेकडे ढुंकून बघायचं नाही. समोरून तर नाहीच. तिथं जोतं झाकतील एवढे विटांचे नि मुरमाचे ढीग पडलेले, आणि समोरून गेलो की वहिनी चहाला बोलावणार, मग कौतुक करावं लागणार. पण डोळ्यांना कुठं मास्तरकी कळते? सुट्टीच्या एका दुपारी दादा शिफ्टला गेल्यावर मी ओहोळातून वर चढलो आणि मागच्या बाजूनं त्याचं जोतं बघितलं. काळ्या दगडाचं, थेट माझ्या छातीपर्यंत. खिशातून दोरी काढली, जोत्याला लावली, गाठ मारली. तेवढ्यात वरून आवाज आला.

"काय वो भावोजी, काय शोधताय?"

वहिनी जोत्यावर उभी होती.

"म्हैस," मी म्हणालो.

"तुमची?"

"शाळेतल्या एका पोराची. सुटलीय."

"मग बरं झालं दोरी घेऊन आलात," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी दोरी माझ्या गवंड्याच्या हातात दिली. "या गाठीपर्यंत जोतं. आणि वर एक थर."

त्यानं दोरी ताणून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, जमीन सपाट हाय तुमची. एवढं कशाला?"

"पुराची खबरदारी."

"हितं पाणी यायच्या आधी नागोठणं बुडंल, रोहा बुडंल, मग पेण बुडंल. तुमचा नंबर शेवटी. पाव्हणं होडीनं येणार हायत का?"

"तुला बांधायचंय की बोलायचंय?"

"बांधतो की. माझ्या काय बापाचं जातंय?"

त्यानं बांधलं. आत मुरूम भरता भरता पावसाळा तोंडावर आला. पण जोतं उभं राहिलं तेव्हा मी रस्त्यावर जाऊन, मग आणखी लांब जाऊन, चारही बाजूंनी बघून आलो. दादाच्या वर एक थर! त्या आठवड्यात मी शाळेत एकाही पोरावर ओरडलो नाही.

वास्तुशांतीला आईला रिक्षातून आणलं. ती पहिल्या पायरीशी थांबली आणि मान मागे टाकून तिनं वर बघितलं. नऊ पायऱ्या होत्या.

"घर हाय का गड?" ती म्हणाली.

मी नि बायकोनं दोन्हीकडून धरून तिला वर चढवलं. प्रत्येक पायरीला ती "आई गं" म्हणायची आणि मी "आता थोडंच" म्हणायचो. वर ओटीवर तिला बसवलं. सुंदर ओटी होती, आजही आहे. चार दिवस ती तिथं बसली. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी विचारलं, "दिसतात का गं माणसं?"

"डोकी दिसतात," ती म्हणाली. "तोंडं नाय दिसत. एकाला हाक मारली तर तो आभाळाकडे बघायला लागला."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर ओटी रिकामी. बायको म्हणाली, "दादांकडे गेल्यात. सकाळीच. बसत बसत उतरल्या, मी धरलं होतं."

आणायला गेलो. त्या वेळी दादाच्या घराच्या समोर मी पहिल्यांदा उभा राहिलो. ढीग उचलले गेले होते. समोर दोन पायऱ्या. फक्त दोन. ओटीवर माझी आई पाय सोडून बसलेली, वहिनीबरोबर वाल सोलत, आणि रस्त्यानं जाणारी एक बाई थांबून तिच्याशी सुनेची गाऱ्हाणी सांगत होती.

"दादा," मी म्हणालो, "तुझं जोतं तर…"

"मागं ओहोळाकडे उतार नाय का?" दादा म्हणाला. "मागची बाजू उचलली नसती तर घर घसरलं असतं. पुढं हे एवढंच. तुला काय, सपाट जागा. पण तू एवढं का उचललंस रे? मी हिला पण विचारलं."

वहिनी वालाच्या टोपलीत बघत होती. खांदे हलत होते.

"हवेसाठी," मी म्हणालो.

त्यानंतर महिनाभर रोज हेच. सकाळी आईला उतरवायचं, संध्याकाळी चढवायचं. दिवसभर ती दादाची. मी त्याच्या नोकरीवर जळलो होतो, हेल्मेटवर जळलो होतो, पण ते जळणं म्हणजे काहीच नव्हतं. आता त्याच्या दोन पायऱ्यांवर जळत होतो. माझ्या आईला हवी ती ओटी त्यानं बांधली होती, तीही न ठरवता.

शेवटी गवंड्याला परत बोलावलं. अंगणात, पायऱ्यांच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून एक ओटा.

"किती उंच?" त्यानं विचारलं. "छातीएवढा?"

"बसल्यावर आईचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत."

या वेळी त्यानं दोरी आईच्या गुडघ्याला लावली. आईच्या मापानं ओटा बांधला, वर पत्र्याची पडवी काढली.

पहिल्याच दिवशी आई तिथं बसली. दुपारी वहिनी वाल घेऊन आली. शाळा सुटल्यावर मी आलो तेव्हा दादाही बसमधून उतरून तिथंच टेकला होता, आणि आई त्याला विचारत होती, "दमलास का रे?"

मी दिवसभर चाळीस पोरांपुढे ओरडून आलो होतो. मला कोण विचारणार? मी ओट्यासमोर पिशवी धरून उभा राहिलो.

आईनं वर बघितलं. "अगो बाई, आला का हा!" मग दादाच्या पाठीवर थाप मारली. "सरक जरा. त्याला बसू दे."

दादा सरकला. पण मला विचाराल तर, फार नाही.