अल्फांदीत अडकलेला बाळंतविडा

गोव्यातल्या तुये औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी माल बाहेर पाठवण्याचा विभाग सांभाळते. खोकी भरायची, चिकटपट्टी मारायची, आत काय आहे त्याची यादी बाहेर डकवायची आणि गाडीत चढवायची. इतक्या वर्षांत माझ्या हातचं खोकं कधी परत आलेलं नाही, हे मी कोणी न विचारताही सांगते. त्यामुळे मुलीला लिस्बनला बाळंतविडा पाठवायचं ठरलं तेव्हा घरात कोणालाच काळजी नव्हती. मला तर मुळीच नाही.

मुलगी आणि जावई दोघंही तिकडे नोकरी करतात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं. पण तिच्या तिथल्या राहण्याच्या कागदांचं नूतनीकरण चालू होतं. ते हातात येण्याआधी देश सोडला असता तर परत जाणं कठीण झालं असतं. मी जावं म्हटलं तर सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. शेवटी मुलीनेच निकाल लावला.

"आई, इथे सगळं मिळतं. तू फक्त वाड्यावरचे कपडे पाठव. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही मला."

वाड्यावरचे कपडे म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, कोणाचीही मुलगी बाळंत होणार असली की प्रत्येक घरातून एक कपडा येतो. कुंची, झबलं, टोपडं, दुपटं, काहीही. अट एकच, तो घरातल्या बाईने स्वतःच्या नेसून मऊ झालेल्या साडीतून शिवलेला असला पाहिजे. वाण्याकडून आणलेलं चालत नाही. ज्या घराचा कपडा आला नाही त्या घराशी काहीतरी बिनसलंय, असं समजतात. माझ्या मुलीला एकोणतीस वर्षांपूर्वी असेच कपडे मिळाले होते आणि त्यातली एक जांभळी कुंची अजून माझ्या कपाटात आहे.

मी कामाला लागले. आधी खाण्याच्या वस्तू कटाप केल्या, कारण तिकडे दुधातुपाचं काही टपालाने जाऊ देत नाहीत. शेजारच्या काकी डिंकाचे लाडू डब्यात भरून घेऊन आल्या होत्या. त्यांना हे पटेना.

"तुपाच्या लाडवाक पण पोलीस धरतत? त्यात काय बाँब असा?"

"काकी, नियम आहे."

"मग तो नियम करणाऱ्याक कोणी लाडू खाऊक घालूक नाय, दुसरा काय!"

लाडू आम्हीच खाल्ले. कपडे मात्र येऊ लागले. कोणाचं फुलाफुलांचं झबलं, कोणाची इरकली काठाची कुंची. वाड्यावरच्या एका वयनीने, म्हणजे वहिनीने, टोपडं इतकं मोठं शिवलं होतं की माझ्या नवऱ्याने ते डोक्यावर घालून आरशात पाहिलं. माझं माहेर मये. तिथल्या भावजयीने कपडा पाठवतेय म्हणून फोन केला, तेव्हा शुक्रवारच्या बाजारात म्हापशाला भेटायचं ठरवलं. मिरच्यांचे ढीग आणि चण्या-काजूंच्या टोपल्यांमधून वाट काढत ती आली आणि पदराखालून दुपटं काढून हातात ठेवलं. तळ्यात उमललेल्या कमळाच्या रंगाचं. तिने ते लग्नानंतरच्या पहिल्या गणेश चवथीला नेसलेल्या साडीतून कापलं होतं. मी ते पिशवीत नीट ठेवलं. पण बसमध्ये दोनदा बाहेर काढून पाहिलं.

मग मी माझ्या पद्धतीने पॅकिंग केलं. सगळे कपडे धुतले, इस्त्री केले, एकाच मापात घड्या घातल्या. प्रत्येक कपडा वेगळ्या पारदर्शक पिशवीत घालून तोंड बंद केलं. प्रत्येक पिशवीवर आणि हरवू नये म्हणून कपड्याच्या आतल्या बाजूलाही छापील चिठ्ठी चिकटवली. वर क्रमांक, खाली आमच्या गावाचं नाव, तालुका पेडणे, गोवा. कपड्यांच्या प्रकारांना सांकेतिक अक्षरं दिली. सगळ्यात वर टंकलिखित यादी.

नवरा दारात उभा राहून बघत होता. "हे नातवंडाचे कपडे की मशीनचे सुटे भाग?"

"तुम्ही गप्प बसा. एकही वस्तू इकडची तिकडे होणार नाही."

टपाल कचेरीतल्या कारकुनाने माझी यादी वाचली आणि मान वर करून म्हणाला, "बाई, अशी पार्सलं सगळ्यांनी आणली तर मला जेवायला वेळ मिळेल." तिथल्या सीमाशुल्काच्या फॉर्मवर मी लिहिलं: लहान मुलांचे कपडे, हाताने शिवलेले. मग नगांची संख्या. पावती घेऊन बाहेर पडले तेव्हा मी मनात म्हटलं, झालं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोनवर पाहिली तेव्हा नात जावयाच्या जुन्या सुती शर्टाच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. "पार्सल येईपर्यंत हेच," मुलगी म्हणाली आणि हसली. पार्सल लिस्बनला पोहोचल्याचं संगणकावर दिसतच होतं. त्यापुढे ते हलेना.

पुढच्या फोनवर मुलगी हसत नव्हती.

"आई, पार्सल कस्टममध्ये थांबवलंय. त्यांना वाटतंय विकायला आणलेला माल आहे. बिल मागतायत. विकणाऱ्याचं नाव, किंमत, सगळं. नाहीतर भेट असल्याचा पुरावा द्या म्हणतात. मुदतीत दिलं नाही तर परत पाठवणार."

"विकायला? अगं, जुन्या साड्यांचे कपडे ते!"

"एवढे सगळे लहान मुलांचे कपडे, इस्त्री केलेले, पिशव्यांत बंद, वर क्रमांक आणि कोड. आई, तू कंपनीचा माल पाठवलास. मी त्यांच्या जागी असते तर मीसुद्धा थांबवला असता."

तिचं बरोबर होतं. कस्टमच्या माणसासमोर उघडलेलं खोकं मला जसंच्या तसं दिसत होतं, आणि त्यात एकही गोष्ट माझ्या नातीची वाटत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "बारसं पुढे ढकलता येईल. पण ते परत आलं तर तिला पुन्हा कधी होणार नाहीत ते कपडे. तोवर मोठी होईल ती."

वाड्यावर ही गोष्ट लपवून ठेवणं शक्य नव्हतं, आणि मला ठेवायचीही नव्हती. रोज सकाळी पदेर पाव द्यायला यायचा. त्याच्या सायकलचा हॉर्न वाजला की बायका बाहेर यायच्या आणि पहिला प्रश्न असायचा, पोचला काय? त्या दिवशी मी सगळ्यांना एकत्रच सांगितलं.

काकींनी हातातले पावाचे उंडे तसेच धरून मला आपादमस्तक पाहिलं. "म्हणजे माझी कुंची तिकडे गोदामात पडली?"

"होय."

"आणि बिल मागतत?"

"होय."

"मग दी बिल! लिही माझ्या नावान. शिलाई, कापड, आणि डोळे फोडून घेतलंय त्याचे वेगळे."

सगळ्या हसल्या. हसून झाल्यावर मात्र कोणीच घरात जाईना. मोठं टोपडं शिवणारी वयनी म्हणाली, "ती माझ्या आवशीची साडी होती." एवढंच.

घरात आले तर सासूबाई खिडकीशी खुर्ची घेऊन बसलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अल्फांदीत अडकला?" कस्टमला त्या अजूनही तोच जुना पोर्तुगीज शब्द वापरतात. "अगो, मग माझ्या आजयेन काय केल्यान ता इसारलंस काय?"

विसरले नव्हते. ती गोष्ट आमच्या घरात दर बारशाला सांगितली जाते, मला फक्त ती उपयोगाची आहे हे सुचलं नव्हतं. सासूबाई जन्मल्या तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते. त्यांचं आजोळ तेरेखोल नदीच्या पलीकडे, सावंतवाडीच्या बाजूला. म्हणजे मधे सीमा, आणि सीमेवर अल्फांद. त्यांची आजी नातीचे कपडे बोचक्यात बांधून होडीने अलीकडे आली तेव्हा चौकीवरच्या पाखल्याने, म्हणजे गोऱ्या शिपायाने, बोचकं उघडलं. कापड आणलंस, जकात भर म्हणून अडून बसला. आजीला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तिची. तिने काय केलं, तर बोचक्यातली कुंची उचलली, नेसलेल्या साडीचा पदर पुढे ओढला आणि जिथून कापड कापलं होतं तिथे ती कुंची लावून दाखवली. काठाला काठ जुळला. शिपायाने एकदा पदराकडे पाहिलं, एकदा आजीकडे, आणि बोचकं स्वतःच्या हाताने बांधून दिलं.

"पदर दाखव गो त्यांका," सासूबाई म्हणाल्या. "नुसत्या कागदान काय होतला?"

मी मोबाइल घेतला आणि पुन्हा बाहेर आले.

रविवारी सकाळी आमच्या अंगणात, तुळशीसमोर, सगळ्या जमल्या. निरोप एकच दिला होता, ज्या साडीतून कापलं ती साडी घेऊन या. फोटो काढायचं काम नवऱ्याकडे. उभं कोणी कुठे राहायचं ते मी सांगत होते, पण कोणी ऐकत नव्हतं. काकींनी उरलेली साडी चक्क नेसली होती. कापलेल्या बाजूने ती पोटरीपर्यंत वर गेली होती. "असूंदे, पाय पण बघूंदेत," म्हणाल्या. वयनीने आईच्या साडीचा तुकडा दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि ती फोटोत पहिल्यांदाच हसली नाही. एकीची साडी उरलीच नव्हती. राहिलेल्या कापडाचा तिने जनेलाला पडदा केला होता. आम्ही सगळी वरात तिच्या घरी नेली आणि तिला पडदा धरून खिडकीत उभं केलं. मयेहून भावजयीने आपला फोटो पाठवला, तो तळ्याच्या काठावर, साडी वाऱ्यावर सोडून. "हिला पर्यटन खातं बोलावून घेईल," नवरा म्हणाला.

सासूबाई खुर्चीत बसल्या आणि मांडीवर आपली निळी नऊवारी पसरली. तिच्या मधोमध कुंचीच्या आकाराचा चौकोन कापलेला. काठाकडून कापायचं सोडून मधूनच का कापलंत, असं मी विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "थंय जास्त मऊ असा म्हणान."

माझा फोटो शेवटी. कारखान्यातल्या पहिल्या दिवशी नेसलेली मोहरीच्या रंगाची साडी मी धरली. तिच्यातून मी झबलं शिवलं होतं. शिवण माझी बरी नाही, पण सरळ आहे.

या वेळी मी क्रमांक घातले नाहीत. प्रत्येक फोटोखाली साध्या शब्दांत लिहिलं. ही बाळाच्या आजीची शेजारीण, हिने कुंची शिवली, या साडीतून. ही बाळाची मामी, हिने दुपटं शिवलं. ही पणजी. शेवटी लिहिलं की या कपड्यांना किंमत नाही, कारण ते कोणी विकत नाही. जावई काम करतो त्या हॉटेलातल्या एका सहकाऱ्याने त्याचं पोर्तुगीज करून दिलं आणि मुलीने ते सगळं पाठवलं.

मग वाट पाहणं आलं. मी कारखान्यात जात होते, खोकी भरत होते, आणि प्रत्येक यादी डकवताना पलीकडच्या माणसाला हे उघडल्यावर काय दिसेल, असा विचार मनात येत होता. पूर्वी येत नसे.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. तिने कॅमेरा पलंगावर फिरवला. पलंगभर आमचा वाडा पसरला होता.

एक कपडासुद्धा कमी नव्हता. तिथल्या कोणीतरी पिशव्या उघडून पाहिलं होतं आणि घड्या पुन्हा घातल्या होत्या. माझ्यासारख्या नाहीत, पण नीट. "पार्सल आणणारा म्हणाला, कचेरीत तुमचे फोटो सगळ्यांनी बघितले," मुलगी म्हणाली. "पायवाल्या बाई कोण, असं विचारत होता."

ही बातमी काकींना सांगितली तेव्हा त्यांनी मान वळवून, "विचारतलेच," एवढंच म्हटलं.

बारशाला सगळ्या आमच्याकडे आल्या. फोन टीव्हीला जोडला. आधी कोणाचा कपडा घालायचा यावरून बोलाचाली सुरू झाली तेव्हा मी देवळाजवळच्या घरापासून क्रम लावला, त्यावर कोणाला बोलायला जागा राहिली नाही. सासूबाईंची निळी कुंची तेवढी मी पाळण्यासाठी राखून ठेवली. मुलगी एकेक कपडा घालत होती, काढत होती. नात झोपेतच होती. मोठं टोपडं तिच्या हनुवटीपर्यंत आलं आणि वयनी डोळे पुसत हसली.

शेवटी निळी कुंची घालून नातीला पाळण्यात ठेवलं. तेवढ्यात काकी ओरडल्या, "अगो, ता काय चिकाटलेला असा?"

कुंचीची कड उलटली होती आणि आतली माझी छापील चिठ्ठी सगळ्यांना दिसत होती. क्रमांकासकट. खोलीत हशा पिकला. माझा नवरा तर खुर्चीवरून पडायचा राहिला. मुलगी हसत हसत ती सोडवायला वाकली.

"रवांदे," सासूबाई म्हणाल्या. "काढू नको गो. पाखल्यांका कळांदे, खयसून इला ता."

मुलीने हात मागे घेतला. मी टीव्हीजवळ जाऊन पाहिलं. चिठ्ठी सरळ चिकटली होती, आणि गावाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.