सायरा बीबींच्या नावाचा पंप

नुरबानू बुबूच्या तळहातांना घट्टे पडले तेव्हा सगळे म्हणाले, कामाचे आहेत. छातीवर काळे ठिपके उठले तेव्हा म्हणाले, महारोग. नवरा ढाक्याला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. सासरच्यांनी बुबूची आणि तिच्या लेकीची, टुनूची, चूल वेगळी केली.

मी तिचा शेजारी; बुबू म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण. मेघनेकाठच्या आमच्या गावात हातपंपांचं पाणी तपासायचं काम मला मिळालं होतं. बाटलीत पाणी, त्यात पूड, तोंडावर कागदाची पट्टी, आणि वीस मिनिटं थांबायचं. पट्टी पांढरी राहिली तर पंपाच्या तोंडाला हिरवा रंग, तपकिरी झाली तर लाल. लाल म्हणजे आर्सेनिक. ते कुणी कालवलेलं नव्हतं, आमच्या जमिनीच्या वरच्या थरातच होतं. त्या पाण्याला ना वास, ना चव, आणि उकळूनही ते जात नाही.

बुबूच्या दारासमोरच्या पंपाची पट्टी चहासारखी झाली. मी लाल रंग फासला.

पण तो पंप गावातल्या बड्या तोयब मियाँनी वारलेल्या आईच्या नावाने बसवलेला. आमच्याकडे मानतात की अशा पंपाचं पाणी लोक पितात तोवर मेलेल्या माणसाला पुण्य पोचत राहतं. ओट्याच्या सिमेंटात सायरा बीबींचं नाव कोरलेलं आहे. अकरा घरं तिथलंच पाणी भरायची.

पुढच्या वर्षी बघतो तर पंपाचं तोंड हिरवंगार. मी तोयब मियाँकडे गेलो.

"माझ्या आईच्या नावाला लाल फासतोस?" ते म्हणाले. "लोक पाणी प्यायचे थांबले तर तिला काय पोचणार? तुझी पट्टीच शिळी असेल. बस, जेवून जा."

मी बसलो. मोहरीतला हिलसा मासा होता. खाल्ला, हात धुतले आणि घरी आलो. कुणाला एक शब्द बोललो नाही. आजही ते जेवण आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. बुबूला अक्षर येत नव्हतं, पण हिरवा रंग येत होता. त्या रंगाच्या भरवशावर ती आणखी चार वर्षं पाणी भरत राहिली.

मग एक दिवस तिने टुनूचे हात माझ्यापुढे धरले. तेरा वर्षांची पोर, आणि तळव्यांत मोहरीएवढे कडक दाणे.

"माझंच लागलं ना रे तिला?"

"नाही बुबू. पाण्यातून आलंय."

"पाणी तर हिरवं आहे."

तेव्हा मी सगळं सांगितलं, त्या जेवणासकट.

"मासा चांगला होता का?" तिने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, पाणी बदला, मुलीचं अजून निभावेल. आईला उशीर झालाय. चांगलं पाणी होतं बाजारातल्या खोल पंपावर. तिथे बायकांनी टुनूने नेलेली बुबूची कळशी रांगेबाहेर सरकवली. महारोगिणीची कळशी इथे नको म्हणे. टुनू कोरडी कळशी घेऊन परत आली.

त्याच आठवड्यात सायरा बीबींच्या वर्षश्राद्धासारखा मिलाद होता. दुपारी तोयब मियाँच्या अंगणात सगळं गाव जेवायला बसलेलं. बुबू पंपावरून पेला भरून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चाचा, आधी तुम्ही. तुमच्या आईच्या नावाचं आहे."

"आत्ताच प्यालो मी."

"थोडंसं."

"तहान नाही म्हटलं ना. ही कुणी आत सोडली?"

"पंप पन्नास पावलांवर आहे," बुबू म्हणाली, "मग ही निळी पिंपं बाजारातून कशाला भरून आणलीत, चाचा? घरातही तेच पाणी पिता ना? भ्यायला लाल रंग लागत नाही तुम्हाला. तो आम्हाला लागतो."

मौलवींनी हातातला घास खाली ठेवला. रांगेतून कळशी सरकवणाऱ्या बायका तिथेच होत्या. त्यातल्या दोघी एरवी याच पंपाचं पाणी भरायच्या. त्या आपापल्या पोरांचे हात उलटे करून तळवे बघायला लागल्या.

बुबू पंपाकडे चालू लागली, तिच्यामागे मी आणि सगळं गाव. तिचा बाप पंप बसवणारा मिस्त्री होता, त्याचा पाना तिने पदरात आणला होता. त्या घट्टे पडलेल्या हातांनी तिने बोल्ट सोडवला आणि दांडा उपसून काढला. कुणी अडवलं नाही.

"दादी," ती ओट्यावरच्या नावाला म्हणाली, "तुझ्या लेकाने तुझ्या नावाने आम्हाला विष पाजलं. आता इथलं कुणी पिणार नाही. याचं पुण्य तुला पोचू दे."

मग तिने तो दांडा माझ्या हातात दिला.

"धर," ती म्हणाली. "मासा पचला असेल एव्हाना."