रुसलेले दिवे

या जगात बंद पडलेली वस्तू नावाचा प्रकारच नाही, अशी श्रद्धा बाळगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. त्यांच्या मते वस्तू बिघडत नाही, रुसते. पंखा रुसतो, रेडिओ रुसतो, विहिरीवरची मोटर तर थेट माहेरी निघाल्यासारखी रुसते. आणि या सगळ्या रुसलेल्यांची समजूत काढायला आपल्याला इथं धाडलंय, याबद्दल त्यांना कधी शंका आली नाही. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला ‘पाव्हणं’ म्हणतात, पण त्या सुरात पाहुण्याला मिळायचा मान शोधूनही सापडत नाही. राहायला पळसदेव, आणि इंदापुरात जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान. इतर लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावत. आमच्याकडे आले की चहा येईपर्यंत भिंतीवरचं एखादं बटण उघडलेलं असे, आणि त्या कामी बायकोचं उलथनं आलेलं असे. एकदा त्यांनी आमच्या फ्रिजची समजूत काढली. तो गार करू लागला खरा, पण दाराला हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या. तक्रार केली तर म्हणाले, “ब्येस झालं की! पोरं सारखी उघडझाप करायची न्हाईत.” माझ्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना कर्णा घूं घूं का करतोय ते बघायला हे स्टेजखाली शिरले. भटजींनी “शुभमंगल साव” एवढं म्हटलं आणि माईक गेला. लोकांना वाटलं झालं, त्यांनी अक्षता टाकल्या. पुढचं ‘धान’ मला आजतागायत कुणी ऐकवलेलं नाही, आणि त्याची फळं मी भोगत आलोय.

त्यातलंच एक फळ म्हणजे पोहण्याचा तलाव. बारामतीतल्या आमच्या क्लबच्या सभेत तलावाचा सेक्रेटरी निवडायचा विषय निघाला, तेव्हा मी भज्यांच्या दिशेनं गेलो होतो. परत आलो तर टाळ्या चालू होत्या. मला पोहता येत नाही, हे मी सभेच्या निदर्शनास आणलं. अध्यक्ष म्हणाले, “उत्तम! म्हणजे तुम्ही पाण्यात रमणार नाही, काम होईल.” या तलावाच्या भिंतीत, पाण्याखाली हातभर अंतरावर, चार दिवे होते. होते म्हणजे काचा होत्या. लागत एकही नव्हता. दिवस मावळला की तलाव कोऱ्या चहासारखा दिसे आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभा राही.

त्या उन्हाळ्यात पोहण्याच्या जिल्हा निवड चाचणीची मंडळी तलाव बघायला आली. दिवसा उन्हाचा तडाखा, म्हणून शर्यती संध्याकाळी व्हायच्या होत्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं, तळ दिसला पाहिजे. दिवे लागले तर चाचणी बारामतीत, नाहीतर पुण्यात. माझ्यापुरतं विचाराल तर मी सुटलो असतो. पण त्या चाचणीत दाजींच्या मुलीचं, मनीषाचं नाव होतं. दाजींनी तिला उजनी धरणाच्या फुगवट्यात पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकवलं होतं, आणि एक दिवस ती डबा सोडून अशी सुटली की दाजींना काठाकाठानं पळावं लागलं. आता मात्र दाजी अडून बसले. “पुण्याला न्हाय धाडायचो. पोरगी येकदा पुण्याला गेली की निस्ती सणासुदीला येनारी व्हती. बारामती कशी, यष्टीनं जायाचं, यष्टीनं यायाचं.” मनीषा नुसती माझ्याकडे बघत राहिली, जणू काकाच्या हातात सगळं आहे. दिवे लागले तर पोरगी पोहणार, नाही लागले तर तिचं पोहणं तिथंच संपणार, आणि मधे मी.

मी लगेच सेक्रेटरीला शोभेल असा निर्णय घेतला. पाण्याखालचा दिवा दुरुस्त करायचा म्हणजे आधी पाणी काढलं पाहिजे, हे कुणालाही कळेल. मोटर लावली आणि तलाव शेजारच्या तात्यांच्या उसात सोडला. तात्यांनी फावडं घेऊन दारं धरलं आणि घरचं कार्य असल्यासारखं सरीसरीला पाणी फिरवलं. तलावात कमरेइतकं पाणी उरलं, तेव्हा दाजी येऊन पोचले. त्यांनी तलावाकडे बघितलं, मग उसाकडे, मग माझ्याकडे.

“पाव्हणं, म्हशीच्या शिंगाला त्याल लावायचं तर तुमी गोठा पाडता व्हय?”

शर्ट काढून ते पाण्यात उतरले, एका दिव्याचा वरचा स्क्रू काढला आणि दिवा खोबणीतून ओढला. मागं वेटोळं करून ठेवलेली केबल सुटत गेली, सुटतच गेली, आणि दिवा थेट काठावर येऊन बसला.

“ह्येला दावं लांब ठिवलंय की! काठावर चरायला सोडा खुशाल. थेंबभर पाणी काढायची गरज न्हवती.”

तात्या बांधावरून ओरडले, “सेक्रेटरी, परत कवा बिघडायचं हायती दिवं? म्हंजी त्या हिशेबानं उसाची लागण करतो!”

कालव्याचं पाणी यायला अवकाश होता. तलाव भरण्यासाठी टँकर सांगावे लागले, आणि अध्यक्षांनी माझ्याशी बोलणं टाकलं. या प्रकरणात मला झालेला तेवढाच फायदा.

दाजींच्या आजोबांची मेंढरं होती, त्यामुळे दाजी बिघाडसुद्धा कळपातूनच शोधत. “समदी एकदम बघायची न्हाईत. येकेक बाजूला काढायचं. ज्ये काढल्यावर बाकीची गप ऱ्हात्यात, त्येच आजारी.” मला त्यांनी बोर्डापाशी उभं केलं. ते एकेक दिवा सोडवून “टाका” म्हणत, मी बटण टाकी, आणि ते कट्‌कन परत पडे. तिसरा दिवा सोडवला आणि बटण टिकलं. त्या दिव्याच्या पोटात तांब्याभर पाणी निघालं. बाकीच्यांचे बल्ब गेले होते, आणि सगळ्यांचीच रबरं चिक्कीसारखी तुटत होती. दाजींनी नवे बल्ब घातले, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून नवी रबरं कापली आणि सायकलचं पंक्चर बघावं तसे दिवे बादलीत बुडवून बुडबुडे येतात का ते बघितलं. इथवर ठीक होतं. पण मधल्या काळात त्यांनी क्लबचं घड्याळ, टेबलटेनिसच्या खोलीतला पंखा आणि अध्यक्षांच्या स्कूटरचा हॉर्न यांचीही समजूत काढली. कुणी सांगितलं नव्हतं. हॉर्न त्यानंतर ब्रेक दाबला की वाजू लागला. चाचणी तोंडावर आली होती आणि मी दात खात काठावर येरझाऱ्या घालत होतो.

अखेर एका दुपारी त्यांनी चारही दिवे काठावर ओळीनं मांडले आणि लावले. भर उन्हात ते असे पेटले की मी चक्क टाळ्या वाजवल्या.

“ऱ्हाऊ द्या जरा,” दाजी म्हणाले. “डोळं भरून बघू.”

आम्ही चहा घेतला. मी आणखी एकेक मागवला. मग दाजींनी ते दिवे तसेच, लागलेलेच, पाण्यात सोडले. टच्च. टच्च. टच्च. आणि मी “अहो” म्हणेपर्यंत चौथाही टच्च. पाण्यातला दिवा पाण्यानंच गार राहतो, बाहेर ठेवला तर तव्यासारखा तापतो आणि मग पाण्यात टाकला की काच तडकते, हे ज्ञान आम्हा दोघांना एकाच वेळी झालं. करंट बारा व्होल्टचा होता, म्हणून हे लिहायला मी उरलो.

“दाजी, हे काय करून बसलात!”

“तुमीच दुसरा च्या मागवला!”

“तुम्ही म्हणालात डोळे भरून बघू!”

“मग? भरलं न्हाईत?”

मी आणखीही पुष्कळ बोललो असतो. वर्षानुवर्षांचं साचलं होतं; फ्रिज होता, लग्न होतं. पण दाजी काठावर खाली बसले. फुटक्या काचेवरून त्यांनी बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, “मोडलं, पाव्हणं.”

हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मी किती तरसलो होतो! ऐकला आणि मला कसंसंच झालं. चहा नको होता मागवायला.

ते उठले, शर्टाची बटणं वरखाली लावली आणि जी पहिली एसटी पुण्याची लागली तीत बसले. दुसऱ्या दिवशी आले ते चार नवे दिवे गोधडीत गुंडाळून, मांडीवर तान्हं मूल घेतल्यासारखे. “दुकानदार म्हनला, वारंटी हाय. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे, मी हाय.” या खेपेला दिवे आधी खोबणीत बसले, मग टँकरचं पाणी वर आलं, आणि दिवस कलल्यावर दाजी म्हणाले, “टाका.” मी डोळे मिटून बटण टाकलं. उघडले तेव्हा तलाव तळापासून उजळला होता. फरशीन् फरशी दिसत होती. दाजी एवढंच म्हणाले, “तळ दिसतोय.”

चाचणी बारामतीत झाली. शर्यत सुटली तेव्हा सगळे पोरींकडे बघत होते आणि दाजी दिव्यांकडे. मी चिडून म्हटलं, “अहो, पोरगी पोहतेय तुमची!” ते म्हणाले, “तिचीच सावली बघतोय. दिव्यावरनं पैली तीच सरकली.” आणि खरोखरच मनीषा पहिली आली.

पुढचं आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. निवड झालेल्यांनी पुण्याला राहून शिकायचं होतं, वसतिगृहात. चाचणी बारामतीत म्हणजे सगळंच बारामतीत, असं दाजी धरून चालले होते. मनीषानं त्यांना विचारलं, “आबा, जाऊ?” त्यांनी खिशातला टेस्टर काढला, परत लावला आणि म्हणाले, “दिवं काय उगं लावलं व्हय?” तिला निरोप द्यायला मी स्टँडवर गेलो होतो. सगळे काही ना काही सांगत होते. दाजींनी तेवढी तिच्या खिडकीची काच खालीवर होते का ते पाहून घेतलं, दोनदा.

त्यानंतर दिवे बिनतक्रार लागत राहिले आणि दाजींचं येणं थांबलं. मला बरं वाटायला हवं होतं. घरातली बटणं जागच्या जागी होती, उलथनं उलथन्याच्या कामाला होतं. बायको म्हणाली, ताई सांगत होती, दाजी दुकान लवकर बंद करून घरी येतात आणि नुसते बसतात. मग एक दिवस मी त्यांच्या शेजारच्या खतांच्या दुकानात फोन लावून त्यांना बोलावून घेतलं.

“दाजी, एक दिवा जरा मिणमिणतोय असं वाटतं.”

“मिणमिणतोय? त्यो मिणमिणायचा न्हाय. मी बसिवलाय.”

“मग माझे डोळे असतील.”

“डोळंच असत्याल,” ते म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता पुढं जोडलं, “पर येतो उद्याच्याला. ऱ्हाईन म्हंतो दोन दिस.”