कराचीला पोचलेली हाक

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दाभोशाच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. घरातली नागली संपली की कडूकंद ओढ्याच्या पाण्यात ठेवायचे आणि कडूपणा गेला की उकडून खायचे. अशा घरातून मी बी.ए. झालो — आमच्या पाड्यातला पहिला! — तो थोरल्या भावाच्या जिवावर. सोमादादा कराचीच्या विमानतळावर टपालाच्या थैल्या विमानात चढवायचा, म्हणून मी मुंबईत शिकलो.

जव्हारला संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. मी सुटीत घरी होतो. शुक्रवारी सकाळी बा राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडत होता. भात पेरायच्या आधी जमीन भाजायला त्या लागतात. पायाखालची फांदी मोडली आणि बा खाली आला... कमरेखालचं सगळं गेलं.

आमच्याकडे असं काही झालं की कड्यावर जाऊन समोरच्या पाड्याला हाक मारायची. आई धावली, पण घाबरून तिच्या तोंडून जुन्या सवयीनं दादाचंच नाव गेलं — "सोमाऽऽ! बा पडला रेऽऽ!"

पलीकडून काकी ओरडली, "अगं, सोमा कराचीला! आमाला मार की हाक!" म्हणता म्हणता माणसं धावत आलीच.

आई मात्र म्हणाली, "ओ दिली त्यानं."

"आये, वेड लागलं का?" मी चिडलो.

बा कुणाच्या हातचं पाणी घेईना. "सोमाच्या हातचं पितो, मग जातो," एवढंच.

शनिवारी उजाडताच मी जव्हार गाठलं, तार केली. परतताना डोक्यात एकच हिशेब — कराची ते मुंबईचा जुहू विमानतळ हवेतून साडेपाचशे मैल, विमानाला अर्धा दिवस पुरे. पण हमालाला विमानात कोण बसवणार? आगबोटीला दोन रात्री, मग रेल्वे, मोटार, पायपीट... मंगळवारच्या आत काही तो येत नाही. तोवर बा? वाटेत माझ्यानं थांबवतही नव्हतं, चालवतही नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचलो तर दादा ओट्यावर पाय धूत होता!

"इमानानं आलास?"

"इमानात थैल्या बसतात रं, मी नाय. बोटीनं आलो."

"निघालास कधी?"

"बुधवारी. इमानाचं इंजिन घरघरत होतं, त्यात आयेची हाक आली — बा पडला म्हणून. मी ओ दिली, तर सगळे हसाय लागले. तसाच धक्क्यावर गेलो."

बुधवारी... आणि बा पडला शुक्रवारी!

किती टाइमटेबलं मांडली, किती जाणत्यांना विचारलं. हाक मारायच्या आधी पोचली कशी, हे मला आजही सांगता येत नाही. आईला विचारलं तर म्हणायची, "त्याला लांबून यायचं होतं ना."

त्या संध्याकाळी बा दादाच्या हातचं पाणी प्याला. रविवारी गेला.