आपल्याच विहिरीचं पाणी

सीताबर्डीच्या चौकात मी पत्रकं वाटत होतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले शिपाई रामभाऊ सायकलवरून उतरले आणि म्हणाले, "ठेव गा ते. मेश्राम बाई गेल्या." याला आता काही आठवडे झाले. शोकसभेत रसायनशास्त्राच्या या अध्यापिकेला सगळ्यांनी 'शांत, मनमिळाऊ' म्हटलं. साफ खोटं. बाई भांडखोर होत्या, आणि माझ्याशी तर फारच भांडल्या. कशावरून, ते लिहितो.

खापरखेड्याच्या रस्त्यावर एक वस्ती आहे. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तिथल्या लोकांनी ठरवलं, गावाच्या विहिरीवर आता ओंजळ धरून उभं राहायचं नाही. बायकापुरुषांनी मिळून स्वतःची विहीर खणली. पाणी गोड, नितळ. पण वरच्या अंगाला गावाचे गोठे आणि उकिरडे. ते झिरपत राहिले आणि पाण्यात नायट्रेट वाढत गेलं. मोठ्यांना त्याचं काही जाणवत नाही. तान्ह्या बाळाचं रक्त मात्र प्राणवायू वाहीनासं होतं. वस्तीतल्या यमुनेचं लेकरू वरच्या दुधावर होतं. त्याचे ओठ निळे पडले. दवाखान्यातून वाचून आलं, तर तिने भिंतीवरच्या 'पाणी उकळून प्या' या सरकारी चित्राबरहुकूम दुधात घालायचं पाणी आणखी उकळलं... आणि लेकरू पुन्हा निळं. पाणी तपासायला आलेल्या मेश्राम बाई तिच्या चुलीपाशी बसून समजावत होत्या, "अवं यमुने, उकळून पाणी उडते, त्यातला खार उडत नाही. तू तं त्याले घट्ट करून राहिली!"

मग एक सरकारी साहेब आले. म्हणाले, विहीर बुजवा, गावच्या विहिरीवरून पाणी आणा. यमुनेचा सासरा एवढंच बोलला, "मंग आमी खणली काहून?"

मी पेटलो. पत्रक लिहिलं : 'वस्तीला विष पाजणाऱ्यांनो, नळ द्या!' बाईंनी 'विष' हा शब्द खोडला.

"काहून खोडला?"

"विष म्हणशील तं उद्याच विहीर बुजवतीन, आन नळ देणार नाहीत. मंग हे लोकं पाण्याले कोणाच्या दारात जातीन?"

"म्हणजे नळ मागायचाच नाही?"

"माग ना! तुले कोण अडवून राहिलं? पण नळ येईपर्यंत लेकरू तहान धरून बसणार हाय का?"

मला आजही वाटतं, नळाचं भांडण आधी व्हायला हवं होतं. वीज केंद्राच्या तारा वस्तीच्या डोक्यावरून जातात आणि खाली घरोघरी कंदील. बाईंना हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांनी ट्रकची जुनी बॅटरी आणली, टाक्यात धातूचे पत्रे सोडले आणि विहिरीच्या पाण्यात वीज खेळवली. नायट्रेट मोडलं खरं, पण त्याचा अमोनिया झाला. यमुनेच्या सासूने नाक दाबलं. "बाई, तुह्या पाण्याले तं गोठ्याचा वास येऊन राहिला. हे काय पाजतं लेकराले?" सगळी वस्ती हसली, बाईही हसल्या. पुढे कित्येक महिने त्या पत्रे बदलत राहिल्या; तोवर लेकरापुरतं पाणी शहरातून घेऊन येत. शेवटी पाण्यात थोडं मीठ घातलं. विजेने मिठातून क्लोरीन निघालं आणि त्याने अमोनिया संपवला. मग कोळशातून गाळायचं. पाणी किंचित खारट लागे, पण प्रयोगशाळेत तपासल्यावर बरं निघे. पुढे यमुनेचं लेकरू त्याच पाण्यावर वाढलं, विहीरही राहिली. नळाच्या माझ्या पत्रकांचं काय झालं, ते विचारू नका.

बाई गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी वस्तीवर गेलो. यमुनेने पत्रे चिंचेने घासून लावले होते, पाणी गाळलं होतं. रामभाऊंनी ते तपासूनही आणलं होतं, बरं निघालं होतं. तरी कोणीच भांडं पुढे करेना... मग कळलं. दर रविवारी पहिला पेला बाई सगळ्यांसमोर पीत. त्यात शास्त्र काही नाही. मोठ्या माणसाला त्या पाण्याने काही झालं नसतं, आणि हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

यमुनेच्या कडेवर आता दुसरं लेकरू आहे. सासू म्हणाली, "पाहून काय राहिली वं? बाई काय वरून येणार हाय प्यायले?"

यमुनेने पेला भरला. सगळ्यांकडे पाहत, तोंड वाकडं न करता, एका दमात रिकामा केला. मग लेकराची वाटी भरून घेतली.